कारवीचं बारा वर्षांचं खूळ

श्रावण लागला की फोनवर तोच फोटो फिरायला लागतो. जांभळ्या फुलांनी झाकलेला डोंगर आणि खाली मजकूर, 'बारा वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी, यंदा चुकवू नका!' पुढच्या श्रावणात पुन्हा तोच डोंगर, तोच मजकूर. पाठवणाऱ्याने निदान स्वतःच्या बारा वर्षांचा तरी हिशेब ठेवावा!

बारा वर्षांनी फुलते ती नीलकुरिंजी. ती दक्षिणेतली, मुन्नार, निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतली. तिच्या बहरांच्या नोंदी १८३८पासूनच्या आहेत; अलीकडचे बहर २००६ आणि २०१८चे. आपल्या सह्याद्रीतली कारवीही 'स्ट्रोबिलँथस' याच प्रजातीतली, पण जात निराळी आणि चक्र साधारण सात-आठ वर्षांचं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. वजाबाकी ज्याची त्याने करावी. कासच्या पठारावरची बुटकी, गोलसर टोपली कारवी ही आणखी वेगळी. याच प्रजातीतल्या काही जाती तर मुकाट्याने दरवर्षी फुलतात; त्यांचे फोटो कोणी पाठवत नाही.

बाराचा आकडा सुटला की लोक दुसरा धरतात: 'सात वर्षांनी अख्खा सह्याद्री एकदम फुलतो.' तेही नाही. एका उतारावरची कारवी एकदम फुलते, कारण ती एकाच वयाची असते. फुलोरा सरला की चिकट बोंडं धरतात. हात लावला तर बोटं चिकचिकतात. मग झाडं वाळून मरतात, बोंडं मात्र तशीच राहतात. पुढच्या वर्षी पहिला पाऊस पडला की ती टकाटक फुटतात आणि बी उडतं. साऱ्या रोपांचा जन्म एका पावसातला, म्हणून बहरही एकत्र. शेजारच्या डोंगराचा जन्म दुसऱ्या पावसातला, त्याचं पंचांग वेगळं. म्हणून कुठे ना कुठे कारवी बऱ्याच वर्षी फुललेली दिसते आणि त्या मजकुराचं फावतं.

'कारवी म्हणजे बांबूचाच प्रकार.' नाही, ती अडुळसा-कोरांटीच्या कुळातली.

'नुसती शोभेची.' हे ठाकरवाडीत जाऊन सांगा. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून, त्यांवर शेणमाती लिंपून केलेल्या कुडांच्या घरांत पिढ्या वाढल्या. तिकडे ईशान्येत याच प्रजातीतल्या एका जातीच्या पानांपासून कापड रंगवायची नीळ काढतात.

'कारवीच्या मधात सात वर्षांचं सत्त्व साठलेलं असतं.' मधमाशी यंदाच्या फुलातला यंदाचाच मकरंद नेते. मध चवीने खावा, पण सात वर्षांचे पैसे मोजू नयेत.

बारा वर्षांचीच हौस असेल तर मुन्नारचा पुढचा मोठा बहर २०३०मध्ये अपेक्षित आहे. कारवी पाहायची तर ज्या डोंगरावर जायचं त्याच्या पायथ्याच्या गावात विचारावं. गेला बहर कोणत्या साली आला, हे तिथे कोणीही सांगतं.