बागेची परीक्षा वैशाखात

बाग फुलवून देण्याचा छोटा व्यवसाय अल्प भांडवलावर उभा राहू शकतो. कुदळ, फावडे, छाटणीची कात्री, एक जाणकार माळी आणि विश्वासाची रोपवाटिका, एवढ्यावर आरंभ होतो. परंतु पावसाळ्यात लावलेले सारेच हिरवे दिसते. खरी परीक्षा वैशाखात होते.

ग्राहकाला बहुधा हिरवळ हवी असते आणि तिला उन्हाळ्यात जवळजवळ रोज पाणी लागते. टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायटीत हिरवळ घालून देणारा पहिले काम मिळवतो आणि पुढची गमावतो. तेथे कमी पाण्यावर तग धरणारी बोगनवेल, अडुळसा, कोरफड सुचवावी. कण्हेर काटक खरी, पण विषारी; मुलांच्या खेळण्याच्या जागी ती नको.

गच्चीवर १ घनमीटर ओल्या मातीचे वजन १,५०० किलोंहून अधिक भरू शकते. म्हणून आधी अभियंत्याचा सल्ला घ्यावा. शहरात जुने झाड आड येत असेल, तर आराखडाच बदलावा. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानुसार परवानगीवाचून ते तोडता येत नाही.

लागवडीचा मोबदला एकदाच मिळतो. देखभालीच्या मासिक करारावर मात्र वर्षभर घर चालते. आणि असा करार शेजारचा ग्राहक करतो, तो वैशाख ओलांडलेली बाग पाहूनच.