मुकादमी घ्यावी की पाठीवरचं ओझंच बरं?

मागच्या वेळी आपण ॲरिस्टॉटलच्या ‘फ्रोनेसिस’चा, म्हणजे व्यवहारातल्या शहाणपणाचा विचार केला. व्याख्यान संपल्यावर एक श्रोते मागे थांबले. भिवंडीकडच्या एका गोडाऊनमध्ये माथाडी टोळीत काम करतात, वय बेचाळीस. म्हणाले, “सर, शहाणपण म्हणजे काय ते कळलं. पण मला सोमवारी उत्तर द्यायचंय.” त्यांना अर्धवेळ सुपरवायझरची जागा देऊ केली होती. त्यांच्या परवानगीनं आज आपण तोच प्रश्न घेऊ. आकडे तेवढे गोल केले आहेत.

आधी हिशोब मांडू. तत्त्वज्ञानाच्या माणसानं हिशोब टाळू नये. टोळीत टनावर मजुरी मिळते, म्हणून ती कमीजास्त होते. सरासरी महिना १८,००० धरू. नवी जागा संध्याकाळी पाच ते दहा, रोज ५५० रुपये, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे १४,३००. तासाचा दर वाढला, पण घरात येणारे पैसे ३,७०० नी घटले. उलट बाजूला गुडघे आहेत. पन्नास किलोची गोणी दिवसभर उचलून थप्पी लावणाऱ्या माणसाचं शरीर हेच त्याचं भांडवल, आणि ते दरवर्षी झिजतं. मुलगी दहावीला आहे, आणि संध्याकाळ हीच तिच्याजवळ बसण्याची वेळ.

आता कायद्याचं पाहू, कारण इथे पुष्कळजण फसतात. १९६९ चा माथाडी कायदा सहजासहजी आलेला नाही. अण्णासाहेब पाटलांची चळवळ त्यामागे आहे. मजुरी मंडळात जमा होते, आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार यांची सोय लेव्हीतून होते. हे छत्र अंगमेहनतीच्या कामासाठी आहे. टोळी सोडून कंपनीच्या हजेरीपटावर गेल्यावर आपल्या नोंदणीचं काय होईल, परत येता येईल का, हे मंडळाच्या कार्यालयात विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

दुसरी गोष्ट. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पर्यवेक्षणाचं काम करणारा आणि ठरावीक रकमेवर पगार घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर पडत असे. २०१० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम १०,००० होती. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. म्हणजे १४,३०० वर आपले श्रोते आत आहेत. उद्या पूर्णवेळ झाले, पगार वाढला, की बाहेर जाऊ शकतात. मात्र न्यायालयं नुसतं पदाचं नाव बघत नाहीत, माणूस मुख्यतः काय काम करतो ते बघतात. आपणही तेच बघायला हवं.

म्हणून आम्ही त्यांना विचारलं, “सुपरवायझर हा शब्द बाजूला ठेवा. संध्याकाळी पाच वाजता तुम्ही नेमकं काय करणार?” ते सांगू लागले. हजेरी घ्यायची. ट्रक कोणत्या दारावर लावायचा ते ठरवायचं. माल मोजायचा, फुटलेल्या गोणीची नोंद करायची. मग जरा थांबून म्हणाले, “आणि उशिरा येणाऱ्याचं नाव लिहून द्यायचं.” ज्यांच्याबरोबर वीस वर्षं डबा खाल्ला, त्यांचीच नावं. खरा प्रश्न इथे आहे, आणि तो पगाराच्या वजाबाकीत दिसत नाही.

काहीजण म्हणतील, गीतेत स्वधर्म सांगितला आहे. आपलं काम सोडू नये. आम्हाला हा अर्थ मान्य नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिलं की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. ज्या देशात ओझं कुणी उचलायचं हे जन्मावर ठरत आलं, तिथे हमालाला ‘जागेवरच राहा’ म्हणणं हा विवेक नव्हे. पण ‘वरची जागा मिळते आहे, घेऊन टाका’ हाही विवेक नव्हे. दोन्ही सल्ल्यांत माणसाला स्वतः विचार करायला जागाच उरत नाही.

विचार कशाचा करायचा? ॲरिस्टॉटल म्हणतो, जे आपल्या हातात आहे त्याचाच. तेव्हा पुढचा प्रश्न असा, की तुमच्या हातात काय देणार आहेत? थप्पी वाकडी दिसली तर काम थांबवण्याचा अधिकार आहे का? की फक्त अपघात झाल्यावर उत्तर द्यायचं? अधिकार मालकाकडे आणि ठपका तुमच्याकडे, अशी वाटणी असेल तर ती मुकादमी नव्हे. आणि पगार पाच तासांचा असला तरी रात्री सव्वादहाला गोणी कोसळली तर फोन कुणाला येणार? वेळ अर्धी करता येते, जबाबदारी तशी अर्धी होत नाही. तिची हद्द आधी आखून घ्यावी लागते.

एवढं करूनही काही उरतंच. लॉरी पॉल या तत्त्वज्ञ बाईंनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात मांडलं आहे, की काही अनुभव आपल्यालाच बदलून टाकतात. ते घेण्याआधी ते कसे असतील हे पुरतं कळत नाही. सिमोन वेल ही तत्त्वज्ञानाची शिक्षिका. १९३४ साली रजा घेऊन ती पॅरिसमधल्या कारखान्यात कामाला गेली, कारण कामगाराचं जगणं पुस्तकातून कळेना. आम्ही तर जन्मभर खडूपेक्षा जड काही उचललं नाही! म्हणून आम्ही ‘घ्या’ही म्हटलं नाही, ‘नको’ही म्हटलं नाही. जे आधी कळत नाही, त्याच्यासाठी परतीची वाट ठेवावी, एवढंच म्हटलं.

त्यांनी आठवड्याची मुदत मागून घेतली. मालकाकडे तीन गोष्टी लेखी मागितल्या: तीन महिने चाचणी म्हणून काम, धोका दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकार, आणि दहानंतरची जबाबदारी कुणाची याचं स्पष्ट उत्तर. पहिल्या दोन मान्य झाल्या, तिसरी अडली आहे. मंडळाच्या कार्यालयातही एक फेरी झाली. दुसरी व्हायची आहे.

आणि एक गोष्ट त्यांनी आम्हाला न विचारता केली. टोळीला एकत्र बसवून सगळं सांगितलं. कुणी हसलं, कुणी गप्प राहिलं. एक जुना सोबती म्हणाला, “नाव लिहायचं असेल तर लिही. पण आधी तोंडावर सांगत जा.”

आमच्या मते या प्रकरणात सर्वांत शहाणं वाक्य तेच. पुढच्या वेळी आपण वचन आणि विश्वास यांच्याकडे वळू. आता प्रश्न घेऊ.