रोह्याचे दादा : पांडुरंगशास्त्री आठवले

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्यातील शेजारचे तालुके. पेण तालुक्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले आणि कुंडलिका नदीच्या काठच्या रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले. दोघांनीही आयुष्यभर गीता सांगितली. लोकनेतृत्वासाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार विनोबांना १९५८ मध्ये, तर शास्त्रीजींना १९९६ मध्ये मिळाला. विनोबांनी तरुणपणीच गृहत्याग केला. शास्त्रीजी गृहस्थाश्रमात राहिले आणि त्यांनी घराच्या सीमाच विस्तारल्या.

शास्त्रीजींचे वडील वैजनाथशास्त्री हे संस्कृताचे विद्वान. मुंबईच्या माधवबागेत १९२६ मध्ये त्यांनी श्रीमद्भगवद्गीता पाठशाळा स्थापन केली. पांडुरंगशास्त्रींचे अध्ययन मात्र रोह्यात, आजोबांनी घालून दिलेल्या पारंपरिक पद्धतीने झाले. पुढे मुंबईत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांनी पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, इतिहास व समाजशास्त्र यांचे दीर्घ वाचन केले. १९४२ पासून ते वडिलांच्या व्यासपीठावरून प्रवचने करू लागले.

१९५४ मध्ये जपानमधील जागतिक धर्मपरिषदेत त्यांनी गीतेचा विचार मांडला. हे तत्त्वज्ञान आचरणात दाखवायचे तर त्यासाठी माणसे घडवली पाहिजेत, या निश्चयाने १९५६ मध्ये त्यांनी ठाण्यात तत्त्वज्ञान विद्यापीठ सुरू केले.

त्यांच्या विचाराचे बीज सोपे आहे. ईश्वर प्रत्येकाच्या अंतर्यामी वसतो. तो एकच पिता असेल, तर सारी माणसे परस्परांची भावंडे ठरतात. सकाळी जागे होताना, जेवताना आणि रात्री निजताना त्याचे कृतज्ञ स्मरण करावे, यास ‘त्रिकाल संध्या’ म्हणतात. ती कोणत्याही जातीच्या स्त्रीपुरुषाला करता येते.

भावंडपणाच्या या नात्याचा पहिला प्रयोग म्हणजे ‘भक्तिफेरी’. एकादशीसारख्या दिवशी शास्त्रीजींचे अनुयायी, म्हणजेच स्वाध्यायी मंडळी, आपला खर्च आणि आपली शिदोरी घेऊन परक्या गावी जातात, घरोघर भेटतात आणि काहीही न मागता परततात. गुजरातेत, विशेषतः सौराष्ट्रात, ही प्रथा खोल रुजली; कोकणातील आगरी-कोळी वस्त्यांतही ती पोहोचली.

पुढील प्रयोगांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतील. पहिला श्रमाचा : ‘योगेश्वर कृषी’मध्ये गावकरी पाळीपाळीने ईश्वराच्या शेतावर राबतात, तर ‘मत्स्यगंधा’ या सामूहिक नौकेवर कोळी बांधव आपल्या पाळीचे दिवस अर्पण करतात. दुसरा उपासनास्थानांचा : ‘वृक्षमंदिर’ ही देवाची उपवने आणि ‘अमृतालयम्’ ही साध्या, स्थानिक साहित्याने उभारलेली ग्राममंदिरे. तिसरा जलसंधारणाचा : ‘निर्मळ नीर’मध्ये विहिरींचे पुनर्भरण व तळ्यांचे बांधकाम श्रमदानाने होते.

या श्रमातून जे धन निर्माण होते त्यास शास्त्रीजींनी ‘अपौरुषेय लक्ष्मी’ हे नाव दिले. ते धन कोणा एकाच्या मालकीचे नसते. त्याचा काही भाग गरजू कुटुंबांना जातो, पण ‘प्रसाद’ म्हणून; त्यामुळे देणाऱ्याला दातृत्वाचा अहंकार होत नाही आणि घेणाऱ्याची मान खाली जात नाही. शेतावर किंवा नौकेवर राबणारा माणूस ‘मजूर’ म्हणवला जात नाही, तो त्या दिवसापुरता ‘पुजारी’ असतो. देवळाच्या गाभाऱ्यापासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवलेल्या समाजांसाठी या एका शब्दाचे मोल फार मोठे होते.

संबोधनांतही भावंडपणाचा तोच विचार दिसतो. लाखो अनुयायी त्यांना ‘दादा’ म्हणत, पत्नी निर्मलाताई ‘ताई’ झाल्या, पुढे कार्याची धुरा सांभाळणाऱ्या कन्या जयश्री तळवलकर ‘दीदी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या, आणि या समुदायाचे नावही ‘स्वाध्याय परिवार’ असेच पडले.

१९९७ मध्ये त्यांना टेम्पल्टन पुरस्कार, तर १९९९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस परिवारात ‘मनुष्य गौरव दिन’ म्हणून पाळला जातो. थोरल्या भावाच्या वाढदिवसाला प्रत्येक माणसाच्या गौरवाचे नाव मिळावे, हे त्यांच्या शिकवणीला धरूनच झाले.