कोपऱ्यातला राजा

माझ्या बुद्धिबळाच्या वहीत १९९८ सालच्या एका डावापुढे ‘हातचा गेला’ असा शेरा होता. आमच्या मंडळातले एक निवृत्त पोस्टमास्तर आणि मी, दोघे तोडीस तोड. त्या दिवशी पांढऱ्या मोहऱ्या माझ्या. शेवटी माझ्याकडे राजा, उंट आणि प्यादे. त्यांच्याकडे नुसता राजा. आजोबांच्या देशी खेळात एवढ्यावर ‘बुर्जी’ म्हटले असते. इथेही डाव बरोबरीतच सुटला. ‘नशिबाने वाचलात,’ असे मी त्यांना कित्येक वर्षे ऐकवले.

पुढे डावांच्या शेवटाचा अभ्यास करताना उलगडा झाला. माझे प्यादे पटाच्या कडेला, एच पट्टीत होते. त्याचा वजीर होणार एच-८ या काळ्या घरात; माझा उंट चालणार पांढऱ्या घरांतून. त्या कोपऱ्यात बसलेल्या राजाला तो शह देऊच शकत नाही. माझ्या राजाने जवळ जाऊन त्याची घरे अडवली, तर शह नसताना त्याच्या खेळ्या संपतात आणि डाव बरोबरीत सुटतो. न अडवावीत, तर तो कोपऱ्यात ये-जा करत राहतो.

मग चुकले कुठे? त्यांनी आपले शेवटचे प्यादे एच-५ वर आणले, ते मी जी-४ वरच्या प्याद्याने मारले. उंटाने मारले असते, तर माझे प्यादे जी पट्टीतच राहिले असते आणि डाव माझा होता. ते प्यादे त्यांनी गमावले नव्हते, दिले होते.

पोस्टमास्तर आता नाहीत. वहीतला शेरा मी खोडला आणि खाली लिहिले : ‘बरोबरी. त्यांनी मिळवलेली.’