कारण कळलं नाही, तरी देव चांगला आहे का?



मागच्या भागानंतर एका ताईंनी विचारलं, "कर्नलसाहेब, माझा तरुण मुलगा गेला. आता 'देव चांगला आहे' हे मी कोणत्या तोंडाने म्हणू?" मी बराच वेळ गप्प बसलो. तीन वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली, तेव्हा माझाही हाच प्रश्न होता.

फौजेत अपघात झाला की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. साक्षी होतात, कारण सापडतं, फाईल बंद होते. मी देवावरही तशीच चौकशी बसवली. माझं काही पाप? प्रार्थना कमी पडली? भेटायला येणारे "देवाची इच्छा" म्हणून जायचे. फाईल काही बंद होईना.

त्या दिवसांत मला आधार मिळाला तो पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून. चेन्नई म्हणजे जुनं मद्रास. याच मद्रास इलाख्यात १८७०च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचं कुटुंब उपाशी फिरत होतं. थोड्याच महिन्यांत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. तेव्हा त्या पुरत्या विशीच्याही नव्हत्या. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. पदरात लहान मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतर दुःख संपलं का? नाही. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई स्वतः. मधल्या काही महिन्यांतही मराठी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही.

आता एक गोष्ट नीट पाहा. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यांचं घर झालं. उपासमार काय असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. म्हणून आई-वडील त्यासाठीच गेले, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं निष्ठुरपणाचं होईल. पण देवाने ते दुःख वाया जाऊ दिलं नाही, एवढं मला स्पष्ट दिसतं.

मग ताई, तुम्हाला मी तीन गोष्टी सांगेन.

पहिली, रडा, तक्रारही करा. स्तोत्रसंहिता देवाकडे केलेल्या तक्रारींनी भरलेली आहे. ईयोबाने तर देवाला जाब विचारला, तरी देवाने त्यालाच उचलून धरलं; उपदेश करणाऱ्या मित्रांवर मात्र तो रागावला.

दुसरी, देवाचा चांगुलपणा आजच्या परिस्थितीवरून मोजू नका, ख्रिस्ताकडे पाहून मोजा. योहानाचा अकरावा अध्याय उघडा. लाजराला आपण उठवणार हे प्रभूला ठाऊक होतं, तरी तो कबरेपाशी रडला. पुढे तो स्वतः वधस्तंभावर गेला. आपल्या दुःखाबाहेर उभा राहून हुकूम देणारा हा देव नाही.

तिसरी, आज हातात जे छोटं काम आहे ते करा. विश्वास म्हणजे मन सतत खंबीर असणं नव्हे. पत्नी गेल्यावर कित्येक आठवडे मला प्रार्थनेला शब्द सुचत नव्हते. शेजारच्या एका आजारी गृहस्थांना रोज सकाळी डबा नेऊन द्यायचो, एवढंच. त्यांच्याजवळ बसलो असतानाच एक दिवस पुन्हा प्रार्थना तोंडात आली.

माझी चौकशीची फाईल अजून उघडीच आहे. कारण मला कळलेलं नाही. पण आता ती फाईल माझ्या टेबलावर नाही, प्रभूच्या हातात आहे, आणि रात्री मला झोप लागते.

चला, डोळे मिटू या. हे प्रभो, ज्या घरात आज एक खुर्ची रिकामी आहे, तिथे तू जवळ बस. आम्हाला कारण कळलं नाही तरी तुझा हात सुटू देऊ नकोस. येशूच्या नावात मागतो. आमेन.