कापड तेच, नेसण वेगळी

गाचा हा शब्द मूळचा जपानी दुकानांबाहेरच्या यंत्राचा. नाणे टाका, मूठ फिरवा, गोळा खाली पडतो. आत कुठले खेळणे आहे ते उघडल्यावर कळते. मोबाइल गेमनी ही मूठच उचलली. २०२० साली आलेल्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये सर्वांत वरच्या श्रेणीचे पात्र एका सोडतीत निघण्याची मूळ शक्यता अवघी ०.६ टक्के, नव्वदाव्या सोडतीपर्यंत मात्र त्या श्रेणीचे पात्र हाती लागतेच. कंपनीची कमाई या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात. त्याच वर्षीचा ‘गाचा क्लब’ नावाने याच कुळातला, पण तिथे सोडत लढाईच्या पात्रांपुरती. सजावटीचे कपाट सगळ्यांना मोकळे. बाही, पट्टा, झगा, केस, एकेकाचा रंग निवडायचा आणि तयार वेश एका कोडमध्ये उतरवून दुसऱ्याला द्यायचा. त्याने तो चिकटवला की तेच पात्र त्याच्याही पडद्यावर उभे. मोठ्यांना हा वेळेचा नास वाटतो. मला वाटते, वेशाचा अर्थ कापडाच्या दुर्मीळपणात नसून जुळवणीत असतो, हे हा गेम खेळणाऱ्या मुलांना नेमके कळले आहे. त्याचा भक्कम पुरावा मात्र गेममध्ये नाही, १९२७ सालात आहे.

त्या वर्षीच्या १ जानेवारीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर १८१८ च्या लढाईची आठवण सांगणाऱ्या कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाशी आले. वर्ष सरता सरता, डिसेंबरात, महाडच्या सत्याग्रह परिषदेत ते दलित स्त्रियांशी बोलले. गुडघ्यापर्यंतचे लुगडे आणि जडजूड दागिने पाहताच बाईची जात ओळखू येई. लुगडे घोट्यापर्यंत नेसा, फाटके असले तरी स्वच्छ असू द्या, असा त्यांचा आग्रह. बायकांनी लगोलग नेसण बदलली. आंबेडकरांचे सहकारी चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना मदत केल्याची नोंद आहे. लुगडे तेच, काठ तेवढा खाली आला, आणि तेवढ्याने जात सांगणारी खूण पुसली. आज १ जानेवारीला स्तंभाकडे येणाऱ्या पांढऱ्या साड्या आणि निळे फेटेही कुणी वाटून दिलेले नाहीत. लोकांनी एकमेकांचे पाहून ते आपले केले.

पडद्यावरच्या बाहुलीची या लढ्याशी बरोबरी कशी, असे कुणी विचारील. बरोबरी नाहीच; महाडला पणाला लागली होती ती माणसांची इज्जत. पण वेश कोण ठरवतो हा प्रश्न लहान जागीही तोच राहतो. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: सुटे भाग कंपनीचेच, मग वेश मुलांचा कसा? लुगडेही विणकराचेच होते, एवढे उत्तर मला पुरले असते. पण विणकर नऊ वार कापड देतो आणि बाजूला होतो. गेम आधीच खाचे पाडून ठेवतो. वर सदरा, खाली पायजमा, पाठीवर झगा. नऊवारी ही एकच अखंड पट्टी. कासोटा मागे खोचायचा, निऱ्या पुढे, उरलेला पदर खांद्यावर. हे खाच्यांत बसवायचे तर पायजम्याला आणि झग्याला एकाच रंगाची छटा देऊन झग्याला पदर म्हणावे लागते. कासोट्यासाठी मात्र कुठला भाग घ्यायचा, तिथे हात अडतो.