जुना रेडिओ दुरुस्तीला आला? आधी कंडेन्सर पाहा

लोहारा, सास्तूर, जेवळी या भागातील जुन्या घरांत माळ्यावर एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ अजून सापडतो. ठाण्याला बनलेला मर्फी, नाहीतर फिलिप्स किंवा बुश. १९९३ च्या भूकंपात कितीतरी घरांचे सामान ढिगाऱ्यात गेले. जे वाचले ते लोक जपून ठेवतात. 'अब्बा यावर सिलोन ऐकायचे, एवढा चालू करून द्या,' म्हणत गिऱ्हाईक येते. दुरुस्तीचे दुकान असलेल्या आमच्या तरुण भावांसाठी हे चार पैशांचे काम आहे, पण घाई केली तर सेट कायमचा जातो.

चूक पहिल्याच मिनिटाला होते. तीस वर्षे बंद असलेला सेट 'बघू तरी' म्हणून थेट प्लगला लावतात. आम्हीही एकदा हेच केले. डायलचा दिवा लागला, घूं घूं झाले आणि मेण जळाल्याचा वास सुटला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला होता. तो पुन्हा गुंडाळून घेण्याचा खर्च आम्हीच सोसला.

दोष होता ०.०१ मायक्रोफॅरडच्या एका कागदी कंडेन्सरचा. त्याचे काम आवाजाचा सिग्नल पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रीडला द्यायचा आणि डीसी अडवायचा. आतला मेणकागद वर्षानुवर्षे ओल धरतो आणि डीसी गळू लागतो. मग आउटपुट व्हॉल्व्ह भलताच करंट ओढतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. म्हणून कागदी कंडेन्सर मीटरवर चांगला दिसला तरी बदलावा. साधा मीटर अडीचशे व्होल्टची गळती दाखवत नाही. जागी ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घालावा. अभ्रकाचे कंडेन्सर मात्र उगीच काढू नयेत, ते सहसा टिकतात आणि हलवले की ट्यूनिंग बिघडते.

फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक वाळले की घूं असा आवाज येतो, शॉर्ट झाले की रेक्टिफायर जातो. ३२ च्या जागी ३३ किंवा ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा चालतो. 'मोठा घातला की आवाज साफ' म्हणून शंभरचा घालू नका. ईझेड ८० सारख्या रेक्टिफायरला पन्नासच्या वर झेपत नाही. प्लस-मायनस दोनदा पाहा, उलटा लागला तर फुटतो.

एकेक कंडेन्सर काढा आणि लगेच नवा डाखा, म्हणजे वायरिंग चुकत नाही. सेट बंद केल्यावरही फिल्टरमध्ये भार राहतो, तो पाच वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवा, स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून नव्हे. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटची चासीच मेनला जोडलेली असते. तिला हात लावू नका.

काही गिऱ्हाइके म्हणतात, आतले सारे काढा, ब्लूटूथ बसवा. आम्ही नकार देतो. पैसे सोपे आहेत, पण रेडिओचा नुसता डबा उरतो.

सगळे बदलून झाले की पहिल्यांदा साठ वॅटच्या सिरीज बल्बवर लावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भक्क पेटलेलाच राहिला तर लगेच बंद करा. आणि काढलेले जुने कंडेन्सर पिशवीत घालून सेटबरोबर परत द्या, गिऱ्हाईक विचारतेच.